आजीचं माहेर आणि किल्डोननचा रस्ता

आमच्याकडं लहानपणी हेळवी यायचा. सुगी झाली की बैल घेऊन यायचा, खांद्यावर घोंगडं, बैलाच्या पाठीवर चोपड्यांचं गाठोडं, आणि दारात बसून आमच्या घराण्याचं सगळं सांगायचा, मूळ गाव कुठलं, तिथनं कोण उठून आला, त्याला पोरं किती, त्यातला कोण इकडं कोल्हापूरच्या बाजूला आला आणि कोण तिकडं कर्नाटकात राहिला. आजोबा त्याला पायलीनं जोंधळा घालायचे, एखाद्या वर्षी धोतरजोडी. मी त्याच्या समोर मांडी घालून बसायची, आजोबांचं नाव आलं की हरखायची, बाबांचं आलं की अजूनच. एकदा मी विचारलं, माझं नाव कुठं आहे? तर त्यानं मान वर केली आणि मायेनंच म्हणाला, "बाळ, तुझं नाव तुज्या नवऱ्याच्या घरात लागंल."

हे वाक्य मी विसरून गेले होते. ते परत आठवलं थेट पन्नाशीनंतर, स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, एका नदीकाठच्या दफनभूमीत. त्याचंच सगळं लिहितेय, लांबेल जरा.

गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीकडं अबर्डीनला गेले होते. समुद्रातल्या तेलाच्या कंपन्यांमुळं तिथं जगभरातली माणसं कामाला येतात, तशी लेकीच्या ऑफिसात एक साठीतली बाई आहे, कॅनडातल्या विनिपेगची. एकटीच राहते. एका रविवारी लेकीनं तिला जेवायला बोलावलं, मी कोल्हापुरातनं नेलेल्या कांदा-लसूण चटणीचा तांबडा रस्सा केला होता, तिनं डोळ्यातनं पाणी येईपर्यंत खाल्लं आणि अजून मागितलं, तिथंच आमचं जमलं. मी तिला विनिपेगची ताई म्हणते. जेवण झाल्यावर तिनं पिशवीतनं एक फाईल काढली. त्यात तिच्या घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानाचा फोटो होता. त्यांच्यात जन्म, लग्न, मरण बायबलच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायची पद्धत होती, एकेक पिढी खाली खाली लिहीत जाते. त्या पानावर सगळ्यात वर एका बाईचं नाव, आडनाव गन, आणि गावाच्या जागी एकच शब्द, किल्डोनन.

किल्डोनन म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला सदरलंड परगण्यातलं एक नदीचं खोरं. १८१३ साली तिथल्या माणसांना जमिनीवरनं उठवलं, त्यातली सुमारे शंभरभर जहाजात बसून कॅनडाला गेली आणि रेड नदीच्या काठावर वसली, आज तिथं विनिपेग शहर आहे. विनिपेगमध्ये आजपण ईस्ट किल्डोनन, वेस्ट किल्डोनन अशा वस्त्या आहेत, ताई त्यातल्याच एकीत वाढलेली. आयुष्यभर ती पत्त्यात किल्डोनन लिहीत आली पण मूळचं किल्डोनन तिनं कधी बघितलेलं नव्हतं. अबर्डीनला येऊन दोन वर्षं झाली तरी गेली नव्हती. मी विचारलं, का गं? म्हणाली, एकटीनं जायला धीर होत नाही. मी म्हटलं चल, आम्ही येतो की सगळी.

शनिवारी पहाटे निघालो, जावई चालवायला, ताई पुढं, मी आणि लेक मागं. तिथं गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते, त्यामुळं मला तरी रस्ता परका वाटला नाही. अबर्डीन ते इन्व्हर्नेस साधारण १७० किलोमीटर. वाटेत हंटलीजवळ बानफकडं जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली आणि मी ओरडलेच, कारण बानफ म्हणजे ग्रँट डफचं गाव. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेला जेम्स ग्रँट डफ, १८२६ साली ज्यानं मराठ्यांचा इतिहास तीन खंडात छापला तो, त्याचा जन्म तिथला, १७८९ चा. आपल्या पूर्वजांची बखर लिहिणारा माणूस ह्या थंडगार किनाऱ्यावरनं निघून साताऱ्याला पोचला होता. जावयाला म्हटलं येताना जाऊया, पण येताना उशीर झाला आणि ते राहिलंच.

इन्व्हर्नेसला केसॉक पूल ओलांडला की देश बदलल्यासारखा वाटतो. एकीकडं समुद्राची खाडी आत घुसलेली, दुसरीकडं डोंगर, आणि रस्त्याच्या कडेनं पिवळ्याधमक फुलांची काटेरी झुडपं, त्याला गॉर्स म्हणतात, वास थेट ओल्या खोबऱ्याचा. खरंच सांगते, खिडकी खाली केली आणि मला वाटलं कुणी तरी नारळ फोडलाय. पुढं क्रोमार्टीच्या खाडीत समुद्रातलं तेल काढायची प्रचंड लोखंडी मचाणं आणून उभी केलेली दिसतात, पाण्यात पाय रोवून उभी राहिलेली. तिथनं आम्ही मोठा हायवे सोडला आणि स्ट्रुईचा जुना डोंगरी रस्ता धरला. कुणी जाणार असाल तर हायवेनं सरळ जाऊ नका, हाच रस्ता घ्या. माळ, नुसता माळ, तपकिरी जांभळट गवत, मध्ये मेंढरं, आणि एका वळणावर गाडी थांबवायची जागा आहे तिथनं खाली अख्खी डॉर्नॉकची खाडी पसरलेली दिसते, लांब चिंचोळी, वळत वळत डोंगरात शिरलेली. ढगांच्या सावल्या पाण्यावरनं सरकत होत्या. गगनबावड्याला गगनगडावर उभं राहून कोकणाकडं बघितल्यावर जसं बोलणं बंद होतं तसं झालं. ताई गाडीतनं उतरलीच नाही. काच खाली करून बघत राहिली.

आर्डगे नावाच्या खेड्यापासनं आत दहा मैलांवर क्रॉइक म्हणून एक चर्च आहे, ते आमच्या वाटेत नव्हतं, पण ताईनं सांगितलं होतं की आधी तिथं जायचं. रस्ता एकाच गाडीचा. थोड्या थोड्या अंतरावर कडेला फुगवटा ठेवलेला असतो, समोरनं गाडी आली की जो जवळ असेल त्यानं तिथं थांबायचं, दुसऱ्यानं जाताना हात वर करायचा. न चुकता प्रत्येकजण हात करतो. शेजारी कॅरन नदी, काळ्या चहासारखं पाणी, कारण ते दलदलीच्या मातीतनं झिरपून येतं.

क्रॉइकचं चर्च अगदी लहान आहे. १८२७ साली बांधलेलं, पूल आणि कालवे बांधणाऱ्या थॉमस टेलफर्डच्या नकाशावरनं. आजूबाजूला झाडं, दगडी कुंपण, दुसरं घर जवळपास दिसत नाही. पण बघायचं असतं ते पूर्वेकडच्या खिडकीला. शंकरपाळ्याच्या आकाराच्या छोट्या छोट्या काचा आहेत, आणि त्या काचांवर बाहेरनं कशानं तरी ओरखडून अक्षरं काढलीत.

१८४५ च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकाल्व्ही खोऱ्यातली अठरा कुटुंबं, सुमारे नव्वद माणसं, जमिनीवरनं काढली. कुठं जायचं ठरलेलं नव्हतं. ती ह्या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये, लाकडी खांबांवर ताडपत्री टाकून आणि कडेनं घोंगड्या बांधून राहिली, लहान पोरं आणि म्हातारी माणसं सगळी त्याच्यात. लंडनच्या टाइम्सचा बातमीदार येऊन बघून गेला म्हणून हे जगाला कळलं. आणि त्यांच्यातल्याच कुणी तरी काचेवर लिहून ठेवलं की ग्लेनकाल्व्हीची माणसं इथं होती, २४ मे १८४५. माणसं गेलिक बोलणारी, पण अक्षरं इंग्रजीत. पुढच्या कुणाला तरी वाचता यावं म्हणून असेल.

दुसऱ्या एका काचेवर लिहिलंय, ग्लेनकाल्व्हीची माणसं, दुष्ट पिढी. म्हणजे स्वतःलाच दुष्ट म्हणून घेतलंय. आपल्याच पापामुळं देवानं हे दिवस दाखवले असं त्यांना वाटत होतं असं सांगतात. हे वाचून मला फार लागलं. आमच्यात पण बाईचं मूल गेलं की ती म्हणते माझंच काय तरी पाप असेल, दुष्काळ पडला की म्हणतात आपल्याच कर्माचं. ज्यानं बाहेर काढलं त्याचं नाव काचेवर नाही. मी ती अक्षरं बोटानं गिरवायला गेले आणि हात मागं घेतला, काच जुनी आहे, तिला हात लावू नये. त्या खिडकीसमोर आम्ही चौघं तासभर तरी उभी असू. जावई सहसा काही बोलत नाही, तो म्हणाला, मामी, १८४५ म्हणजे आपल्याकडं कधी हो? मी म्हटलं आपल्याकडं त्याच्या आदल्याच वर्षी गडकऱ्यांचं बंड झालं, सामानगड, भुदरगड. पिढ्यान्पिढ्या गड राखणारी माणसं, त्यांच्या जमिनी वतनाच्या, आणि कंपनी सरकारच्या नव्या कारभारात ते सगळं जायला लागलं तेव्हा त्यांनी हत्यार उचललं. ग्लेनकाल्व्हीवाल्यांकडं गड नव्हता.

इथं हे सगळं कशामुळं झालं ते थोडं सांगते, कारण मला स्वतःला ते आधी नीट माहीत नव्हतं. स्कॉटलंडच्या डोंगरी भागात क्लॅन असायची. हा शब्द गेलिक, त्याचा अर्थ लेकरं. एका नावाची, एका सरदाराची सगळी माणसं म्हणजे त्याची लेकरं. आपल्या मराठीत कूळ म्हणजे घराणं पण आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा पण, तिथं ही दोन्ही माणसं एकच होती. सरदार घराण्याचा थोरला, आणि जमीन पण त्याच्याच नावावर, लोक नुसती खंड भरणारी. लोकर महागली, दक्षिणेकडच्या चेव्हियट जातीच्या मेंढ्या आणल्या तर माणसांपेक्षा जास्त उत्पन्न येतं हे कळलं, तेव्हा थोरल्यानं लेकरांना बाहेर काढलं. सदरलंडमध्ये हे १८०७ पासनं १८२१ पर्यंत चाललं, तिथली जहागीरदारीण सदरलंडची काउंटेस आणि तिचा नवरा, दोघांच्या नावावर अर्ध्याहून जास्त परगणा. १८८६ साली कायदा झाला तेव्हा कुठं छोट्या कुळांना जमिनीवरनं काढता येणार नाही असं ठरलं. आपल्याकडचा कूळकायदा १९४८ चा. माझ्या आजोबांची दोन एकर त्या कायद्यानं त्यांच्या नावावर झाली, म्हणून हे वाचताना मला परक्यांचं वाटत नव्हतं.

पुढं बोनार ब्रिजवरनं परत हायवेला लागलो. गोल्स्पीला डोंगराच्या टोकावर एक पुतळा लांबनं दिसायला लागतो, चौथऱ्यासकट शंभर फुटांचा, तो त्याच काउंटेसच्या नवऱ्याचा, सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा. खाली समुद्राकाठी त्यांचा डनरॉबिन राजवाडा, १८९ खोल्या. आमचा विचार होता आत जायचा, पण ताई म्हणाली तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते. मग कुणीच गेलो नाही.

हेल्म्सडेल दुपारी आलं. समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या तोंडावर वसलेलं लहानसं गाव, राखाडी दगडाची घरं, बंदरात चारपाच होड्या, सीगल पक्ष्यांचा कालवा. हे गाव १८१४ साली आखलं ते खोऱ्यातनं उठवलेल्या माणसांसाठीच. ज्यांनी जन्मात मेंढरं आणि ओट सोडून काही बघितलं नव्हतं त्यांना सांगितलं की आता हेरिंग मासे धरा. गल्ल्या चौकटी आखलेल्या, एका दिशेच्या गल्ल्यांना जहागीरदाराच्या स्कॉटलंडमधल्या वतनांची नावं आणि आडव्या गल्ल्यांना त्याच्या इंग्लंडमधल्या वतनांची. म्हणजे ज्यानं उठवलं त्याच्याच जमिनींच्या नावांनी माणसांनी आपला पत्ता सांगायचा. गावात टाइमस्पॅन नावाचं म्युझियम आहे, लहान पण जीव ओतून केलेलं, मूळ शोधायला येणाऱ्यांना तिथली माणसं बसवून घेऊन मदत करतात. गावाच्या वर टेकाडावर ब्राँझचा एक पुतळा आहे, २००७ साली बसवलेला, परदेशी गेलेल्यांचा. बाप पुढं समुद्राकडं बघतोय, पोरगा मान वर करून बापाकडं बघतोय, आणि आई कडेवर बाळ घेऊन मागं वळून खोऱ्याकडं बघतेय. असाच दुसरा पुतळा विनिपेगमध्ये आहे. ताईनं तिथला शंभरदा बघितलेला. ती म्हणाली, तिकडं आई कुठं बघतेय तेच मला कळायचं नाही, तिच्या समोर नुसती इमारत आहे. आणि मग तिनं आईची नजर जिकडं आहे तिकडं बोट दाखवलं, तिथं नदीचं खोरं आत वळत जात होतं. तिथं ती रडली. लेकीनं तिला धरलं.

रात्री साडेदहाला पण उजेड होता. खोलीच्या पडद्यातनं आत येत होता, झोप लागेना. ताई खाली बाकावर बसलेली दिसली म्हणून मी पण शाल घेऊन गेले. तिनं मला तिच्या माणसांचं सगळं सांगितलं, जहाजावर टायफस झाला, माणसं वाटेतच गेली, ठरलेल्या बंदराच्या आधीच चर्चिल नावाच्या ठिकाणी उतरवलं, तिथल्या बर्फात हिवाळा काढला आणि वसंतात त्यातली तरणी पोरंपोरी बर्फातनं चालत पुढं निघाली, बॅगपाइप वाजवणारा सोबत. मग ती म्हणाली, आता तुझं सांग, तुझी माणसं कुठली? मी सांगायला लागले, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, हेळव्यानं सांगितलेली सात पिढ्यांची नावं, घडाघडा. ती ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, आणि बायका?

माझ्या बाबांची आई बाबा तीन वर्षांचे असताना बाळंतपणात गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, त्या दुसऱ्या आजीनंच आम्हाला वाढवलं, तिला काही म्हणायचं नाही, तिनं जीव लावला. पण पहिलीचं माहेर तुटलं. लग्नात सासरचं नाव ठेवलं तेवढं आम्हाला माहीत, देवघरातल्या टाकावर तिची आठवण तेवढी. माहेरचं नाव काय, बापाचं नाव काय, गाव नक्की कुठलं, काही नाही. नुसतं गगनबावड्याकडची, एवढंच. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची सगळीकडं धांदल उडाली तेव्हा आमच्या चुलतभावानं पण गाव नमुना चौदाच्या, म्हणजे गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या नकला काढल्या, मोडी वाचणारा गाठला, खूप धावाधाव केली त्यानं. आजोबा सापडले, पणजोबा सापडले. आम्हाला मिळालेल्या एकाही कागदावर आजीचं नाव नव्हतं. आणि खरं सांगते, तेव्हा कुणाच्या, अगदी माझ्या पण, ते डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोऱ्यात शिरलो. परत एका गाडीचा रस्ता, कडेनं हेल्म्सडेल नदी, तिच्याबरोबर रेल्वेचा एकच रूळ. सामन मासे धरणारी माणसं पाण्यात मांडीपर्यंत उभी. दोन्ही बाजूच्या उतारावर गवतात दगडांच्या ओळी दिसतात, नीट बघितलं की कळतं ती घरं आहेत, लांबट, गुडघाभर उरलेल्या भिंती. ताई एकेक घर बघून म्हणत होती, हे असेल, हे असेल. कुणाचं कुठलं ते आता कळण्यासारखं नाही. मेंढ्या भिंतीच्या आडोशाला बसलेल्या, त्यांची पिल्लं त्या भिंतींवरनं उड्या मारत होती. चिलटांनी मात्र हैराण केलं, त्यांना मिज म्हणतात, वारा पडला की ढगासारखी अंगावर येतात, जाणार असाल तर जाळी घेऊन जा.

चर्चजवळच्या दफनभूमीत आम्ही दगड वाचत फिरलो. बरेच शेवाळानं भरलेले, लेकीनं सांगितलं घासायचं नाही, उन्हाचा तिरका उजेड पडला की अक्षरं आपोआप वर येतात, नाहीतर मोबाइलचा टॉर्च कडेनं धरायचा. तसं करत करत मी एका दगडाशी थांबले. अमक्यानं आपल्या बायकोच्या आठवणीत उभारला, असं त्याच्यावर होतं. आणि बायकोचं आडनाव वेगळं. मला वाटलं चुकून झालं असेल. पुढच्या दगडावर पण तसंच. ताईला हाक मारली. ती म्हणाली, स्कॉटलंडची जुनी पद्धतच आहे ही, बाई लग्न करून गेली तरी कागदावर आणि थडग्यावर तिचं माहेरचं आडनाव राहतं. १ जानेवारी १८५५ पासनं सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या त्यात पण पोराच्या नावाबरोबर आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असतं, माणूस मेला तर त्याच्या आईचं पण लिहितात. स्कॉटलंड्स पीपल म्हणून सरकारी वेबसाइट आहे, त्याच्यावर हे सगळं बघायला मिळतं, आधीच्या काळच्या चर्चच्या वह्या पण आहेत, सगळ्यात जुनी १५५३ ची. त्यामुळं इथं आईच्या आईच्या आईपर्यंत मागं जाता येतं. तिच्या बायबलवर सगळ्यात वर जी गन आडनावाची बाई, ती तिच्या आईकडनंच चौथी का पाचवी.

नावं ठेवायची त्यांची रीत पण आपल्यासारखी, थोरल्या पोराला बापाच्या बापाचं नाव, आणि थोरल्या पोरीला आईच्या आईचं. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला लागतं. आजीचं कुठलं लावायचं, तिची तर दोन नावं, त्यातलं एक मांडवातच पुसलेलं.

तिथं मला तो हेळवी आठवला. त्याच्यावर राग नाही माझा, त्याच्या तोंडात होतं म्हणून सात पिढ्या तरी राहिल्या, ही माणसं आपल्या दारात चालतबोलत दप्तर घेऊन येत होती आणि आम्ही त्यांची किंमत ठेवली नाही, आता ती येतच नाहीत. पण त्या दगडापुढं उभी राहून मी ठरवलं की घरी गेल्यावर आजीला शोधायचं. ताई म्हणाली, कागद नंतर, आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाठ आणि ती बोलेल ते सगळं लिहून घे, तिला बिनकामाचं वाटतं ते पण.

घरातली सगळ्यात म्हातारी म्हणजे आत्ती. बाबांची थोरली बहीण, शहाऐंशी वर्षांची, कसबा बावड्यात असते. आई गेली तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. आजपर्यंत आम्ही तिला तिच्या आईबद्दल विचारलं नव्हतं, रडेल म्हणून. रडली नाही. म्हणाली, "मामाच्या गावाला मी एकदाच गेलो, बैलगाडीत. नदी उजव्या हाताला हुती. देवळाम्होरं पिंपरणीचं झाड, आन् मामाच्या दारात दगडी डोण, तिच्यात मी पडलो हुतो." आणि गावाचं नाव? तर तिनं एक अर्धवट नाव सांगितलं, तसल्या नावाची त्या भागात तीन गावं निघाली.

दिवाळीनंतर गाडी काढली, मी, भाऊ आणि आत्ती. फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, कोपार्डे, कळे. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं हळूहळू. गुऱ्हाळांचा धूर रस्त्यावर उतरलेला, काकवीचा वास. कळ्याच्या पुढं रस्ता डोंगरात शिरतो आणि कुंभी सोबत येते, आणि आत्ती खिडकीला चिकटून बसली. आम्ही जाताना नदी कुठल्या हाताला येते तेच बघत होतो, एका गावाला डावीकडं, सोडून दिलं. दुसऱ्या गावात पिंपरणीचं झाड नव्हतं, पण देवळासमोर पार होता आणि पारावर दोन म्हातारी माणसं. आत्ती काठी टेकत खाली उतरली. एकानं विचारलं, "कुठलं पाव्हणं म्हणायचं?" आत्तीनं बापाचं नाव सांगितलं, आमच्या गावाचं नाव सांगितलं, आणि म्हणाली माझी आई इथली. तो म्हातारा बराच वेळ गप्प. मग म्हणाला झाड वादळात गेलं, तीस वर्षं झाली. आणि उठून चालायला लागला, आम्ही मागनं.

घर नवीन झालंय, स्लॅबचं. पण दाराशी दगडी डोण तशीच, आता तिच्यात तुळस लावलीय. आत्तीनं तिच्या कडेवर हात ठेवला आणि तिथंच खाली बसली. आतनं एक अगदी वाकलेली म्हातारी आली, नव्वदीच्या पुढची, आत्तीच्या मामाची सून. ती लग्न होऊन आली तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी सासू तिचं नाव घेऊन रडायची म्हणे, नागपंचमीला हटकून. कुठलं नाव? आत्तीनं विचारलं. म्हातारीनं सांगितलं. दोन अक्षरी नाव, साधं. ते मी इथं लिहीत नाही, आत्तीचं आहे ते, तिनं सांगितलं तर पुढं बघू. तिनं तीनदा विचारून घेतलं, कान जवळ नेऊन. मग म्हणाली, "आम्ही तिला आई म्हनायचो. नाव म्हाईतच नव्हतं."

त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, निघताना आत्तीची ओटी भरली, शहाऐंशी वर्षांच्या माहेरवाशिणीची. येताना साळवणपासनं बालिंग्यापर्यंत आत्ती काही बोलली नाही, पण तिचे ओठ हलत होते.

घरी आल्यावर मी भावाच्या वंशावळीचा कागद काढला, मोठा, ड्रॉइंग पेपरचा, सगळे पुरुष एकाखाली एक. आत्ती चौथी शिकलेली. तिनं चष्मा लावला, पेन घेतलं आणि आजोबांच्या नावाशेजारी तिच्या आईचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, अक्षर हलत होतं म्हणून दोनदा गिरवलं. मी फोटो काढून विनिपेगच्या ताईला पाठवला. आत्ती कागदाकडं बघतच होती. मग त्या नावाच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून मला म्हणाली, "आन् हिची आई कोण गं?"